भाऊ म्हणतो, ‘आई तर माझ्याशी छान बोलते’

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. तिला अल्झायमर आहे आणि तिचं सगळं मी एकटीच बघते. पर्स स्वतःच कुठेतरी ठेवते आणि ‘तूच चोरलीस’ म्हणते. संध्याकाळ झाली की ‘मला घरी सोड’ म्हणत दाराशी उभी राहते. गेल्या आठवड्यात माझा तोल गेला. तिचा दंड धरून मी तिला ओढत आत आणलं, वळ उठले. परगावचा भाऊ फोनवर म्हणतो, ‘आई तर माझ्याशी छान बोलते, तूच फार ताण घेतेस.’ हल्ली वाटतं, हे एकदाचं संपावं. मी इतकी वाईट आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही वाईट नाही. पण ते वळ मी नजरेआड करणार नाही, कारण तुम्हीही ते लपवले नाहीत. तसं पुन्हा होता कामा नये. आणि हा सगळा भार तुम्ही एकटीनेच वाहत राहिलात, तर ते पुन्हा होईल.

म्हणून आधी भावाचं बोलू. दहा मिनिटांच्या फोनवर अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या आजारातला माणूस खरंच छान बोलू शकतो. ‘जेवलास का, मुलं कशी आहेत’ हे आयुष्यभराच्या सवयीचं बोलणं बराच काळ टिकतं. भाऊ खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं. तेव्हा त्याला फोनवर पटवत बसू नका. आठवडाभरासाठी बोलवा, आईला त्याच्यावर सोपवा आणि तुम्ही दुसरीकडे राहायला जा. औषधांच्या वेळा, कपडे बदलताना ती कशाने बिथरते, रात्री कधी उठते, हे कागदावर लिहून ठेवा. त्याचा पहिला फोन आला की धावत परत येऊ नका. त्याला जमणार नाही असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला तरी पहिल्या दिवशी कुठे जमत होतं? नंतर त्याचा ठरलेला वाटा मागा : महिन्यातले अमुक दिवस, दिवसा येणाऱ्या मदतनीसाचा पगार, बँकेची कामं. ‘जमेल तसं कर’ म्हणू नका. जमेल तसं म्हणजे कधीच नाही, हे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मी सारखं वाचते.

आता पर्स. नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग या आजारात लवकर झिजतो. पर्स आपणच ठेवली, हे आईच्या दृष्टीने घडलेलंच नाही. मग ती गेली कुठे? घरात दुसरं माणूस एकच, तुम्ही. आळ बहुधा जवळच्यावरच येतो. पुरावे देऊ नका. ‘सापडत नाही का? चल, दोघी शोधू’ म्हणा. तशीच दुसरी पर्स हाताशी ठेवा. ‘घरी सोड’ म्हणाली, तर ‘हेच तुझं घर’ असा वाद नको. ‘घरची आठवण येतेय का? कोण कोण असायचं तिथे?’ असं विचारा. अंधारायच्या आधीच दिवे लावा. हे रोज लागू पडणार नाही. तेव्हा दार नीट बंद आहे, आई सुरक्षित आहे, एवढं बघून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. अस्वस्थता एक-दोन दिवसांतच अचानक वाढली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा एखादं नवं औषधही त्यामागे असू शकतं.

२०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. पाहिलेलं विसरूनही त्या भावना मागे रेंगाळल्या. त्या दिवशीची ओढाताण आईला आठवत नसेल, तिची भीती कदाचित राहिली असेल. तसंच तुम्ही शांतपणे शेजारी बसलेला तासही तिच्यात कुठेतरी राहतो.

‘संपावं’ या विचारात आईचं मरणही असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तो छळतो. तो पाप नाही. काळजीवाहकांवरचा ताण मोजायला झारिट या संशोधकांची २२ प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली आहे. ज्याची काळजी घेता त्या माणसाजवळ असताना राग येतो का, असं तिच्यात सरळ विचारलेलं आहे, कारण राग येतोच. आईच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तुमची झोप, तुमचं रडणं आणि ते वळ, सगळं सांगा. तिला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटू लागली, तर तपासणीची वाट बघू नका. आईपाशी कुणाला तरी बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भावाला आज फोन करा. तारीख ठरल्याशिवाय फोन ठेवू नका.