आपले प्रश्न : ल्यूथरन घर आणि मराठी मंडळी

ऑक्टोबरच्या अंकात धर्मसुधारणा दिनाच्या निमित्ताने मी लिहिले होते की, माझे माहेर अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, सासर मात्र गुंटूरकडचे ल्यूथरन, आणि पुण्यातल्या आमच्या संसारात या दोन्ही परंपरा एकत्र नांदत आल्या आहेत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची सून रांचीची असून तिचे माहेर गोस्सनर ल्यूथरन मंडळीचे आहे. आम्ही उत्तर भारत मंडळीचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सून सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण करते, पुस्तकातल्या प्रार्थना म्हणते आणि प्रभुभोजन ही केवळ आठवण नाही, असे आग्रहाने सांगते. नातलगांमध्ये ‘ही अर्धी कॅथलिक आहे’ अशी कुजबुज चालते. ल्यूथरन म्हणजे नेमके काय? (एक सासूबाई, खडकी)

उत्तर : आपली सून अर्धी कॅथलिक नाही, ती पुरती ल्यूथरन आहे, आणि ज्याविषयी कुजबुज चालते त्यातले बरेचसे तिच्या परंपरेच्या अगदी मुळाशी असलेल्या एका छोट्या पुस्तकात सांगितलेले आहे. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, ज्याच्यावरून ल्यूथरन हे नाव पडले, १५२८ मध्ये सॅक्सनीतील गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी करण्यासाठी हिंडला, तेव्हा खेड्यातल्या लोकांना ख्रिस्ती शिकवणीतले जवळजवळ काहीच ठाऊक नाही आणि अनेक पाळकांना शिकवताही येत नाही, हे पाहून तो अतिशय अस्वस्थ झाला. त्यातून १५२९ मध्ये त्याची लघु प्रश्नोत्तरावली निघाली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेल्या शब्दांतली कबुली), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ घरातल्या कर्त्या माणसाने मुलामाणसांना आणि गड्यांना सोप्या शब्दांत कसा समजावून द्यावा, हे तीत आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने क्रूसाची खूण करावी, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि आनंदाने कामाला लागावे, रात्री प्रार्थना झाली की निश्चिंत मनाने लगेच झोपी जावे, असेही तीत स्पष्ट लिहिले आहे. प्रार्थनेनंतर झोप लागणे हीसुद्धा विश्वासाचीच गोष्ट आहे, असे मानणारी ही शिकवण मला लग्नानंतर कळली आणि तेव्हापासून ती मला फार प्रिय आहे.

ल्यूथरन मंडळीने जुन्या उपासनेतले एवढे सगळे का राखले, हे समजण्यासाठी ल्यूथरच्या गावाकडे, १५२२ च्या विटेनबर्गकडे पाहावे लागते. ल्यूथर वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना त्याच्या काही सहकाऱ्यांनी घाईने सुधारणा रेटल्या आणि देवळांतल्या मूर्ती हटवण्याचा व फोडण्याचा प्रकार सुरू झाला. तो परतला आणि सलग आठ दिवस प्रवचने करून त्याने लोकांना आवरले. जे शुभवर्तमानाला झाकते ते दूर करावे, परंतु जे झाकत नाही ते दुर्बळ माणसांची मने दुखावून बळाने उखडू नये, अशी त्याची भूमिका होती. वेदी, मेणबत्त्या, क्रूसमूर्ती, पाळकाचा झगा आणि आगमनकाळापासून सुरू होणारे उपासनेचे वर्ष ल्यूथरन मंडळ्यांत टिकले ते यामुळे. स्वित्झर्लंडमधील झुरिकची सुधारणा वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या देवळांतून चित्रे आणि मूर्तीच नव्हे, तर काही काळ गाणेही गेले. माझ्या माहेरची साधी, उत्स्फूर्त प्रार्थनांची उपासना त्या दुसऱ्या फांदीवरची आहे. इंग्लंडच्या प्युरिटन लोकांकडून ती न्यू इंग्लंडला गेली आणि तिथल्या मिशनऱ्यांबरोबर मुंबईत व पुढे नगरला आली. मराठी मुलुखात मुख्यत्वे अमेरिकन, स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनांनी काम केले, तर ल्यूथरन मिशने तरंगमबाडी, गुंटूर आणि छोटा नागपूर या बाजूंना रुजली. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारत मंडळीचे ऐक्य झाले त्यातही ल्यूथरन मंडळ्या सामील नव्हत्या. आपल्याकडे त्यांची ओळख कमी आहे, याचे कारण एवढेच आहे.

प्रभुभोजनाचा मुद्दा मात्र खरोखर मोठा आहे. १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधरावे अडले. ‘हे माझे शरीर आहे’ हे प्रभूचे शब्द ल्यूथरने टेबलावर खडूने लिहून ठेवले होते आणि त्यांपासून तो हटायला तयार नव्हता. भाकर भाकरच राहते आणि द्राक्षारस द्राक्षारसच राहतो, तरीही त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्त स्वतःचे शरीर व रक्त आपल्याला खरोखर देतो, असे ल्यूथरन मंडळी मानते. हे कसे घडते याचा तर्क ती मांडत नाही. ती त्या वचनावर विसंबते. लघु प्रश्नोत्तरावलीत सारा भर ‘तुमच्यासाठी’ या शब्दांवर आहे. तिथे माणूस देवासाठी काही करायला जात नाही, घ्यायला जातो. माझ्या मते ल्यूथरन उपासनेचा प्राण इथेच आहे, आणि सूनबाईंचा आग्रह याच जागी का होतो हे आपल्या लक्षात येईल.

कॅथलिक मंडळीशी असलेला जुना वाद मिटला असे म्हणता येणार नाही. तरीही माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, या मूळ प्रश्नावर ल्यूथरन विश्व महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आहेत. तेव्हा ‘कॅथलिक’ हा शब्द टोमणा म्हणून वापरण्याचे नातलगांनी थांबवावे, हे बरे.

प्रश्न : आमचे घराणे वारकरी आहे. आपला लेख वाचताना वाटले की, केवळ कृपेने तारण ही ल्यूथरची शिकवण आमच्या संतांच्या अगदी जवळची आहे. पण सारे कृपेनेच होणार असेल, तर माणसाने चांगले का वागावे? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : जवळीक खरी आहे आणि ती आमच्याच लोकांनी सर्वांत आधी ओळखली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत, आणि त्यांची अभंगवळणाची गीते आजही आमच्या मंडळ्यांत गायली जातात. स्वतःच्या पुण्याईचा हिशेब देवापुढे मांडता येत नाही, ही जाणीव दोन्हीकडे तितकीच तीव्र आहे. मला फरक दिसतो तो एवढाच की, ल्यूथरन माणूस आपल्या अंतःकरणातल्या अनुभवाला शेवटचा आधार मानत नाही. अनुभव आज असतो, उद्या आटतो. म्हणून तो बाहेरून कानांवर पडणाऱ्या वचनाला आणि हातावर ठेवल्या जाणाऱ्या भाकरीला धरून राहतो. संतांच्या वाटेवरील कोरडे दिवस आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील, तेव्हा ही तुलना मी येथेच थांबवते.

चांगले का वागावे, हा प्रश्न ल्यूथरला त्याच्या हयातीतच विचारला गेला होता. १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना त्याने दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली : ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, तो कोणाच्याही अधीन नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, तो सर्वांच्या अधीन आहे. तारण मिळवण्यासाठी सत्कर्मे करायची नसली की ती शेजाऱ्यासाठी मोकळी होतात, असा त्याचा अर्थ आहे. मी आजारी शेजारणीला डबा नेऊन देते तेव्हा त्या डब्यातून मला माझ्यासाठी काही साधायचे नसते, म्हणून तो डबा खरोखर तिचा असतो. खरा विश्वास सत्कर्मे करावीत का, असे विचारत बसत नाही, विचारण्याच्या आधीच तो ती करून मोकळा होतो, असे बायबलातील रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत ल्यूथरने म्हटले आहे. शिवाय ही सत्कर्मे मठात किंवा यात्रेत शोधायची नाहीत. बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला लोक हसले, तरी देव आपल्या दूतांसह त्याच्याकडे पाहून प्रसन्न होतो, असे त्याने १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना सांगितले आहे.

प्रश्न : मी आयटी क्षेत्रात काम करतो. आमची नवी सहभागिता एका सभागृहात भरते, वाद्यवृंद असतो, प्रार्थना मनातून येतात. दर रविवारी तीच वाक्ये पुस्तकातून वाचण्यात जिवंतपणा कसा राहील? (एक तरुण वाचक, वाकड)

उत्तर : जिवंतपणा पुस्तकात नसतो आणि वाद्यवृंदातही नसतो, हे आपण दोघेही मान्य करू. तरी नेमलेल्या उपासनेच्या बाजूने मला मनापासून बोलायचे आहे. माझे पती लग्नाआधी पुण्यात नोकरीसाठी आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते. गुरुवार पेठेत पंचहौद येथील पवित्र नाम देवालयात ते पहिल्यांदा गेले. ती उपासना मुळात अँग्लिकन परंपरेची आहे, तरीही पापांगीकार कधी झाला, ‘प्रभू, दया कर’ कधी आले, विश्वासांगीकारासाठी लोक का उभे राहिले आणि भाकर कधी मोडली गेली, हे त्यांना भाषा न कळताही कळत होते, कारण उपासनेची ही चाल लहानपणापासून त्यांच्या अंगात होती. गावोगाव नोकरीसाठी फिरणाऱ्या माणसाला असे ओळखीचे घर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि वाकडमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सांगायलाही नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ हे वाक्य माणूस स्वतःला सांगू शकत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुखातून ऐकावे लागते. ल्यूथरन उपासनेत हे वाक्य पाळकाच्या लहरीवर किंवा त्या दिवशीच्या गाण्यांच्या रंगावर सोडलेले नसते, ते दर रविवारी येतेच. एखाद्या आठवड्यात माझे मन पूर्णपणे कोरडे असले, प्रार्थनेचा एक शब्दही सुचत नसला, तरी मंडळीची प्रार्थना मला उचलून घेते. मनातून येणारी प्रार्थना श्रेष्ठच आहे. परंतु ज्या दिवशी मनातून काहीच येत नाही त्या दिवसाची तरतूद आपल्या सहभागितेत काय आहे, हे आपल्या पुढाऱ्यांना जरूर विचारावे.

वाद्यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. पहिली ल्यूथरन गीतपुस्तिका १५२४ मध्ये निघाली, तीत फक्त आठ गीते होती. पुढे सेहेचाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले ‘आमचा देव बळकट दुर्ग’ हे ल्यूथरचे गीत जगभर पोहोचले. मंडळी ऐकत बसलेली होती, तिला त्याने गायला लावले. १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनेचा नमुना देतानाही त्याने प्रस्तावनेत बजावले होते की, याचा कायदा करून कोणाच्या सदसद्विवेकाला बांधू नये. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या ऑग्सबुर्गच्या विश्वासघोषणेचे सातवे कलम हेच सांगते : जिथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तिथे मंडळी आहे, आणि माणसांनी घातलेल्या रीतिभाती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. म्हणूनच टाळ-मृदंगावर टिळकांचे गीत गाणारी मराठी उपासना पूर्णपणे ल्यूथरन असू शकते, आणि उत्तम ऑर्गन असलेल्या देवळात शुभवर्तमानच ऐकू येत नसेल, तर ती तशी नसते.

प्रश्न : ज्यूंविरुद्ध इतके भयंकर लिहिणाऱ्या माणसाच्या नावाची मंडळी आपल्याला कशी चालते? (एक वाचक, कॅम्प)

उत्तर : १५४३ मधील त्या लिखाणाला कसलाही बचाव नाही. सभास्थाने जाळा, घरे पाडा, असा सल्ला त्यात आहे आणि चारशे वर्षांनी नाझींनी तो उचलून धरला. काळच तसा होता, असे म्हणून मी तो झाकणार नाही. अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये ते लिखाण जाहीरपणे नाकारले आणि ज्यू समाजापुढे दुःख व्यक्त केले. माझ्या मते प्रत्येक ल्यूथरन घरात हे मुलांना शिकवले पाहिजे. आपल्या पुण्यात तर लाल देऊळ हे ज्यूंचे सभास्थान कॅम्पातच उभे आहे आणि मराठी बोलणारे बेने इस्रायल आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. ल्यूथरचे नाव मंडळीला पडू नये, असे तो स्वतःच म्हणत असे. आमचा विश्वास त्याच्यावर नाही. त्याने ज्याच्याकडे बोट दाखवले त्या ज्यू कुळात जन्मलेल्या ख्रिस्तावर आहे.

प्रश्न : खडकीच्या सासूबाईंचाच दुसरा प्रश्न : नातवंड येणार आहे. बाप्तिस्मा रांचीला व्हावा असे विहीणबाईंना वाटते, पुण्यात व्हावा असे आम्हांला वाटते. पुण्यात झाला, तर तिकडे तो पुन्हा करावा लागेल का?

उत्तर : नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ल्यूथरन मंडळी पूर्ण मानते आणि तो पुन्हा करत नाही, कारण तिच्या समजुतीप्रमाणे तिथे देणारा देव असतो, पाळक किंवा देऊळ नव्हे. त्यामुळे निर्णय प्रवासाच्या सोयीने आणि बाळंतिणीच्या प्रकृतीने करावा. पुण्यात करायचे ठरल्यास आपल्या पाळकसाहेबांना आधी भेटून सुनेलाही त्या बोलण्यात बसवावे, विहीणबाईंकडच्या एखाद्या व्यक्तीला धर्मपालक होण्याची विनंती करावी आणि बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवावा, कारण पुढे मुलाचे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) रांचीला करायचे झाले तर तो लागेल. लघु प्रश्नोत्तरावली हिंदीत सूनबाईंकडे असेलच. ती घरात कोण आणि कोणत्या भाषेत शिकवणार, हे मात्र बाळ बोलू लागण्यापूर्वी दोन्ही घरांनी मिळून ठरवावे.