लिस्बनला जाण्याआधी

प्रश्न : लिस्बनला नोकरी मिळाली आहे, बरीच वर्षं तिथेच राहीन. इथलं घर भाड्याने देणार. आधी काय उरकू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पहिल्यांदा नावाचं स्पेलिंग. जन्मदाखला, पदवी, पासपोर्ट यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त करा, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणन, नंतर. अपोस्टिलसाठी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, हा क्रम. मूळ दाखले कृपा करून लॅमिनेट करू नका. शिक्का, स्टिकर लावायला अडचण येते.

बचत खातं निवासी म्हणून ठेवणं फेमात, म्हणजे परकीय चलन कायद्यात, बसत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या, भाडं त्यातच येऊ द्या. अनिवासी मालकाच्या भाड्यावर भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच कापायचा कर) कापायचा असतो, करारात लिहाच. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढत नाही. बँकेला जोडलेला मोबाइल रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर ओटीपी अडतो.