ड्राय क्लीनिंगहून आणलेल्या कपड्यांचा वास लहान बाळाला अपायकारक असतो का?

तुम्ही लिहिलंय की लग्नासाठी लोकरी कोट ड्राय क्लीन करून आणला, प्लॅस्टिकसकट बाळाच्या खोलीतल्या कपाटात टांगला आणि आता कपाट उघडलं की गोडसर, उग्र वास येतो. आधी तो कोट बाहेर काढा. प्लॅस्टिक फाडून टाका आणि गॅलरीत, सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस राहू द्या. एका कोटाने बाळाला काही होईल असं मला वाटत नाही. पण बंद खोलीत तो वास कोंडून ठेवू नका.

माझं लहानपण वडिलांच्या लाँड्रीत गेलं, पुढे मी रसायनशास्त्र शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘ड्राय’ म्हणजे कोरडं नव्हे, फक्त पाण्याशिवाय. आमच्याकडे सुरुवातीला पेट्रोल वॉश होता. आगीची धास्ती कायमची, म्हणून वडिलांनी पुढे पर्कचं मशीन घेतलं. पर्क म्हणजे पर्क्लोरोइथिलीन. पेट घेत नाही, तेलकट डाग विरघळवतं, मशीनमध्येच उकळून थंड केलं की पुन्हा वापरता येतं. त्यांना ते वरदानच वाटलं होतं.

कपडा वाळला तरी थोडं पर्क धाग्यात उरतं. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात 2011 मध्ये हे मोजलं गेलं. लोकर, पॉलिएस्टर आणि सुती कापडात ते राहतं, पुन्हापुन्हा ड्राय क्लीन केलं की साठत जातं. रेशमात मात्र राहत नाही. म्हणजे आईच्या पैठणीपेक्षा तुमच्या कोटाचीच काळजी जास्त. गाडीच्या काचा लावून असे कपडे आणू नका, हेही त्यातच आलं.

पण खरा धोका गिऱ्हाइकाला नाही, मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे. कपडे काढायला दार उघडलं की वाफ सरळ तोंडावर येते. लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेले तंतू काढताना, उकळण्याच्या टाकीतला गाळ खरवडताना त्याहून जास्त. वडील दुपारी म्हणायचे, गरगरतंय. उपाशीपोटी काम केल्यामुळे होतं, असं आम्ही समजायचो. त्यांचे हात बारा महिने फुटलेले असायचे, कारण पर्क कातडीतलं तेलही कपड्यावरच्या तेलासारखंच ओढून घेतं. दिवसभर तिथे वावरणाऱ्याला वास जाणवेनासा होतो, हे तर फार वाईट. वर्षानुवर्षं हे श्वासातून गेलं तर मज्जासंस्था, यकृत आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पर्कला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ मानते. ड्राय क्लीनिंग कामगारांच्या अभ्यासांत मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला, हा त्यामागचा एक मोठा आधार.

आणि तो गाळ. काळा, चिकट, कपड्यांचा मळ आणि पर्क एकत्र. आम्ही तो दुकानामागच्या बोळात टाकायचो. मीही बादली नेऊन ओतलीय. आज ते आठवलं की पोटात कालवतं, कारण पर्क पाण्याहून दीडपटीपेक्षा जड आहे. ते पाण्यावर तरंगत नाही. जमिनीच्या भेगांतून खाली जातं, भूजलाच्याही तळाशी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. आपल्या काळ्या पाषाणात भेगाच भेगा, आणि विहिरी-बोअरवेलना पाणीही त्याच भेगांतून मिळतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेज्यून लष्करी तळावर हेच घडलं. तळासमोरच्या एका ड्राय क्लीनरचं सांडपाणी 1950च्या दशकापासून सेप्टिक टँकमधून जमिनीत मुरत होतं, उरलेल्या गाळाने तर रस्त्यातले खड्डे बुजवले जात. टारावा टेरेस या वसाहतीतली सैनिकांची कुटुंबं तेच भूजल पीत होती. तिथल्या पाण्यात लिटरला 215 मायक्रोग्रॅमपर्यंत पर्क सापडलं. आज तिथली मर्यादा 5 आहे. दूषित विहिरी 1985 मध्ये बंद झाल्या आणि त्या कुटुंबांना भरपाईसाठी दावा करता यावा असा कायदा यायला 2022 उजाडलं. एक दुकान, आणि एवढं सगळं.

कॅलिफोर्नियात 2023 पासून ड्राय क्लीनिंगमध्ये पर्कला बंदी आहे. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभर ते दहा वर्षांत थांबवण्याचा नियम काढला. आपल्याकडे 2016च्या नियमांनुसार वापरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे पर्कसारखं विरघळवणारं द्रव, आणि ते उकळून उरलेला गाळ हा घातक कचरा आहे, गटारात किंवा बोळात टाकायची वस्तू नव्हे.

तुम्ही काय कराल? प्रत्येक कपडा ड्राय क्लीनला देऊ नका. एकदा घातलेला कोट ब्रश करून वाऱ्यावर टाकला तरी पुष्कळदा भागतं. पुढच्या वेळी दुकानदाराला विचारा की कशात धुता, मशीन कुठे आहे, गाळ कोण नेतं. पाण्यातलं वेट क्लीनिंग तो करत असेल तर तेच सांगा. सुटासाठीही चालतं, फक्त प्रेसिंगला कारागीर हुशार लागतो. मशीन तुमच्याच इमारतीत खाली असेल तर मात्र सोसायटीत हा विषय जरूर काढा. वाफ जिन्यातून आणि स्लॅबच्या फटींतून वरच्या घरांत पोचते, आणि तिथे तुमचं बाळ रोज झोपतं.