डबा पोचवणाऱ्यांचं ठिकाण नकाशावर दाखवताना फायरस्टोअर या गूगलच्या क्लाउड डेटाबेसचा मोफत कोटा दुपारीच का संपतो?

प्रश्न विचारणाऱ्याच्या अॅपमध्ये डबे पोचवणारी 4 पोरं आहेत आणि दर 5 सेकंदांनी प्रत्येकाचं ठिकाण डेटाबेसमध्ये लिहिलं जातंय. 8 तासांत एकाचे 5,760 राइट्स (डेटाबेसमध्ये लिहिण्याच्या खेपा), चौघांचे 23,040. मोफत मर्यादा दिवसाला 20,000. शिवाय प्रत्येक राइटमागे नकाशा उघडून बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रीड (वाचन).

लोकेशन रिक्वेस्टमध्ये, म्हणजे अॅप फोनकडे ठिकाण मागतं तिथे, किमान अंतर 25 मीटर आणि किमान वेळ 15 सेकंद ठेवा. लिफ्टची वाट बघत उभा असलेला माणूस मग फुकट राइट्स खात नाही. हलतं ठिकाण मुळात रिअलटाइम डेटाबेस या गूगलच्याच दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवावं. तिथे पैसे राइटमागे नाहीत, साठा आणि डाउनलोडवर आहेत. ऑर्डरी फायरस्टोअरमध्येच राहू द्या, प्रदेश (डेटा जिथे साठवला जातो ती जागा) मुंबई. तो नंतर बदलता येत नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, म्हणून मार्कर उड्या मारतो. अॅक्युरसी 50 मीटरपेक्षा वाईट असेल तो बिंदू टाकून द्या.

‘सर्वात जवळचा’ शोधताना सरळ रेषेवर विसंबू नका. कोपरखैरण्याच्या ऑर्डरला विक्रोळीचा पोऱ्या जवळचा वाटतो, पण मध्ये खाडी आहे. ऐरोली किंवा वाशीच्या पुलाचा वळसा पडतो. जिओहॅशने (नकाशाच्या चौकोनांना दिलेल्या कोडने) 5-6 जण निवडा, मग रस्त्याचा वेळ फक्त त्यांचाच विचारा.

आणि प्ले स्टोअरवर टाकल्यावर नकाशा कोरा दिसला, तर प्ले ज्या कीने अॅपवर सही करतं त्या साइनिंग कीचा एसएचए-1 (तिची ओळख पटवणारा कोड) नकाशाच्या एपीआय कीच्या (अॅपला नकाशा वापरू देणाऱ्या कीच्या) निर्बंधांत घालायचा राहिलाय.