त्यांची दारू सुटेपर्यंत आपण थांबायचं का?

या वेळची पत्रं पिणाऱ्यांची नाहीत, त्यांच्या घरच्यांची आहेत. बहुतेकांत आधी पिणाऱ्याबद्दलच लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं दुखणं शेवटच्या एखाद्या ओळीत येतं. मी उत्तराला सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून केली आहे.

प्रश्न : ताई, ह्यांनी दारू सोडून आठ महिने झाले. उपचार केंद्रातून आल्यापासून थेंबाला शिवले नाहीत. सगळे म्हणतात, सुटलीस बाई. पण दाराची कडी वाजली की अजून पोटात गोळा येतो. ते हसून बोलायला आले की मला उलट राग येतो. सगळं चांगलं चाललेलं असताना मीच अशी का वागते?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला सोळा वर्षं झाली. ही सोळा वर्षं तुमचे कान पहाऱ्यावर होते. जिन्यातलं पाऊल सरळ पडतंय की फरफटतंय, कडी एका झटक्यात निघाली की दोनदा चुकली, चपला जागेवर काढल्या की भिरकावल्या; एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे तुम्हाला कळत असे. दारू सुटली हे डोक्याला आठ महिन्यांत समजलं. अंगाला समजायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

रागाचं म्हणाल, तर तेव्हा रागवायला तुम्हाला फुरसत कुठे होती? मुलांना झोपवायचं, शेजारी आवाज जाऊ द्यायचा नाही, सकाळी डबा भरायचा. दाबून ठेवलेला राग जरा सुरक्षित वाटायला लागल्यावर वर येतो. तुमच्या आधी हे पुष्कळ जणींना झालंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची चळवळ 1935 साली सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बिल विल्सन. त्यांची दारू सुटल्यावर त्यांच्या पत्नी लॉइस यांनी एकदा रागाच्या भरात त्यांना बूट फेकून मारला होता. निमित्त एवढंच, की सभेला जायला उशीर होतोय, आवर, असं ते म्हणाले. नवऱ्याला सावरायचं हेच इतकी वर्षं आपलं काम होतं, ते दुसऱ्याच लोकांनी केलं, आणि आता आपलं काय, हे लॉइस यांना त्या बुटाने दाखवलं. पुढे 1951 मध्ये त्यांनी एका मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हे गट उभे केले. आज ते जगभर चालतात. पिणारा पीत असो वा नसो, तिथे घरच्यांना जाता येतं.

एक करून पाहा. त्यांच्या तोंडाचा वास घेणं, खिसे चाचपणं हे दिवसातून किती वेळा होतं ते आठवडाभर नुसतं मोजा. थांबवायची घाई नको. आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ दोघांनी बोलायची ठेवा, म्हणजे जुना हिशेब रोजच्या जेवणात निघणार नाही. पहिल्या काही महिन्यांत घसरण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा तुमची सावधगिरी वेडेपणाची नाही. फक्त तुमची झोप त्यांच्या पावलांवर टांगलेली राहायला नको.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे. वडिलांच्या दारूत लहानपण गेलं. आई कामावर, धाकट्या भावाला मी वाढवलं. आता नातेवाईक कौतुकाने म्हणतात, 'बापाच्या दारूनेच तुला घडवलं.' तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मनातून भीती वाटते, माझ्याही रक्तात ते असेल का?

तुमचा राग रास्त आहे. दारूने कुणी घडत नाही. घडलात तुम्ही, दारू असूनही.

हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. यातली साधारण एक तृतीयांश मुलं अशा घरांतली होती, जिथे गरिबी, आईवडिलांचं व्यसन, मानसिक आजार, भांडणं यातलं एकावर एक साचलेलं होतं. त्यांतलीही तिघांपैकी एक मुलगा किंवा मुलगी शहाणी, मायाळू, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली निघाली. त्यांच्याकडे काय होतं? एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षिका, कुणीही. पौगंडात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गी लागले होते. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते, कारण वेळ गेली असं समजून माझ्याकडे येणारे पुष्कळ असतात. तुमच्या आयुष्यातलं ते माणूस कोण होतं, आठवून पाहा. जमलं तर त्यांना कळवा.

आघातानंतर माणसं वाढतात यावर टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून काम केलं. त्यांचंही म्हणणं हेच, की वाढ घडते ती आघाताशी केलेल्या झुंजीतून, आणि वाढ झाली म्हणून दुःख संपत नाही. दोन्ही एका घरात राहतात. तुमच्या खंबीरपणाची किंमतही बघा : शेवटची मदत तुम्ही कुणाकडे, कधी मागितलीत? पत्रात तुम्ही भावाबद्दल अकरा ओळी लिहिल्यात आणि स्वतःबद्दल दोन.

रक्ताचं उत्तर खरं तेच देते. दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो. धोका वाढतो, विधिलिखित होत नाही. एक खूण मात्र ध्यानात ठेवा. 'मला चढतच नाही' असं अशा घरातली मुलं अभिमानाने सांगतात. पचते म्हणून सुरक्षित, असं वाटतं. प्रत्यक्षात ज्यांना कमी चढते त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका जास्त असतो. कधी प्यायलीच नसाल तर न पिण्यात काही गमावत नाही.

प्रश्न : दारू सोडवायची गोळी चहातून गुपचूप दिली तर चालेल का?

नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध पोटात असताना दारू घेतली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूही होऊ शकतो. ते औषध घेणाऱ्याला माहीत असूनच घ्यायचं असतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

प्रश्न : मुलगा 31 वर्षांचा. दोनदा त्याचं कर्ज फेडलं. सकाळी उठत नाही म्हणून 'ताप आलाय' असा त्याच्या ऑफिसात फोनही मीच करते. मैत्रीण म्हणते, घराबाहेर काढ. आईच्या जिवाला ते कसं जमावं?

बाहेर काढणं आणि पदराखाली झाकणं यांच्या मधे बरीच मोठी वाट आहे. रॉबर्ट मायर्स या मानसशास्त्रज्ञाने घरच्यांना शिकवायची एक पद्धत बसवली. तिचं सार सांगते. तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसा, आवडीचं करा, बोला. पिऊन आला की भांडू नका, उपदेश नको, शांतपणे दुसऱ्या खोलीत जा. आणि दारूचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू द्या. पुढच्या सोमवारी ऑफिसात फोन करू नका, साहेबांना काय सांगायचं ते त्याचं तो सांगेल. उपचाराचा विषय काढायचा तो त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असेल त्या सकाळी. दोन वाक्यांत, आणि डॉक्टरांची वेळ आधी विचारून ठेवून.

1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने 100 पैकी 64 घरांतलं पिणारं माणूस उपचाराला आलं. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते : मदत घेणाऱ्या घरच्यांचं स्वतःचं मन सावरलं, मग त्यांनी कुठल्याही पद्धतीची मदत घेतलेली असो. तुमचं बरं होणं त्याच्या होकारावर अडलेलं नाही.

एक अपवाद. तो हात उगारत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी तुमचा जीव, सुरक्षित जागा आणि पोलिसांची मदत.

प्रश्न : पिते ती माझी बायको. हे कुणाला सांगताही येत नाही. नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, 'आईला काय होतं?' मी म्हणतो, दमलीय. काय सांगू?

दादा, तुम्ही मला सांगितलंत, म्हणजे कुणाला तरी सांगून झालं. आता आणखी एकाला सांगा. भाऊ असेल, जुना मित्र असेल.

मुलाला दमणं आणि पिणं यांतला फरक कळतो. खोटं सांगितलं की तो आपल्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकतो. त्याच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगा : आईला दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झाला नाही. तुला तो बरा करता येणार नाही, ते काम मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं. आणि तुला वाटेल तेव्हा याबद्दल माझ्याशी बोलता येईल. बाटल्या लपवणं, आईवर नजर ठेवणं ही कामं त्याच्याकडून काढून घ्या.

दुसरं, घरातल्या ठरलेल्या गोष्टी मोडू देऊ नका. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी दारू असलेल्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की जिथे एकत्र जेवण, सणवार, वाढदिवस दारूपायी विस्कटले नाहीत, तिथे पुढच्या पिढीत व्यसन कमी उतरलं. तुम्ही लिहिता की रोज नऊ वाजता त्याला गोष्ट वाचून दाखवता आणि आई खोलीत आली की पुस्तक मिटता. उद्यापासून मिटू नका. ती दारात उभी राहिली, काही बोलली, तरी त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि ते पान पूर्ण वाचा.