जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच ट्रॅक डेला न्यायची आहे, गाडीला झेपेल का आणि काय तयारी करू?

तुम्ही विचारलंय की वडिलांची साठच्या दशकातली टू-सीटर पाच-सहा वर्षं शेडमध्ये उभी होती, आता चालू केलीये, आणि तिला ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी, न्यायचंय तर झेपेल का. झेपेल हो. म्हणजे इंजिनाला झेपेल. ब्रेकला झेपेल का ते आधी बघा, कारण मी नेमकं तेच बघितलं नव्हतं.

माझ्याकडे १९६६ची एमजीबी आहे, ब्रिटिश एमजी कंपनीची टू-सीटर. मूळची मामाची. त्याने ऐंशीच्या दशकात देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बाबांकडून घेतली होती, आता मामाची पंच्याहत्तरी झाली, गुडघ्यांमुळे त्या गाडीत बसता येतं पण बाहेर निघता येत नाही, म्हणून ती गंगापूर रोडला माझ्याकडे आली. १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, कागदावर ९५ घोडे. ऐकायला भारी वाटतं पण हल्लीच्या साध्या स्विफ्टची ताकद पण त्याच्या आसपासच असते हे लक्षात घ्या, फरक एवढाच की स्विफ्टला एबीएस आहे आणि माझ्या गाडीला मामाचा आशीर्वाद.

ट्रॅक चेन्नईजवळचा, इरुंगट्टुकोट्टईचा. ३.७ किलोमीटरचा आहे, १९९०ला सुरू झाला, त्याच्या आधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. नाशिकहून पुणे आणि मग बंगलोर हायवे धरून तेराशे-चौदाशे किलोमीटर पडतं. गाडी चालवत नेऊ नका. एकतर एवढ्या प्रवासात निम्मी गाडी रस्त्यातच खिळखिळी होईल, आणि दुसरं म्हणजे २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेतला असेल तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच चालते. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक, करा. भाडं ऐकून पोटात गोळा येईल पण तेवढं धरूनच चाला. आणि हो, इन्शुरन्सच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग स्पष्ट वगळलेलं असतं, बारीक अक्षरात का होईना. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून.

आता ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना चौपट उष्णता तयार होते, म्हणजे कॉलेज रोडला साठवरून थांबणं आणि ट्रॅकवर एकशेवीसवरून थांबणं ह्यात दुपटीचा नाही चौपटीचा फरक, आणि ते एकदा नाही, दर लॅपला, म्हणजे दर फेरीला, पाच-सहा वेळा, मधे गार व्हायला सवडच नाही. माझ्या गाडीला पुढे साध्या, भरीव डिस्क, मागे ड्रम. त्यात त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेकचं सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची लाइन, एकच असायची, आताच्यासारखी दोन नाहीत, म्हणजे गेले तर चारही चाकांचे एकदम गेले.

भद्रकालीतल्या आमच्या मेकॅनिक चाचांनी मला दोनदा सांगितलं होतं, ब्रेक ऑइल बदलून घ्या म्हणून. मी म्हटलं अहो दोनच वर्षं झालीत, आणि दोन वर्षांत गाडी गेलीये कुठे, रविवारी मिसळ खायला त्र्यंबक रोडपर्यंत. हाच माझा मूर्खपणा. ब्रेक ऑइल गाडी चालण्याने खराब होत नाही, ते हवेतलं पाणी पितं, गाडी उभी असली तरी पीत बसतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीये. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं ताजं ऑइल किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं १५५च्या आसपास. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पाय थेट तळाला.

पहिली दोन सेशन मस्त गेली. जेवणानंतर तिसऱ्यात, चौथा लॅप असेल, सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारला तर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. मला वाटलं माझाच पाय नीट पडला नाही. (ह्यावर नंतर खूप विचार केला, माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, गाडीवर नाही, निदान मामाच्या गाडीवर तर नाहीच.) पुढच्या कॉर्नरला पेडल फ्लोअरला टेकलं. काहीच नाही. म्हणजे मऊ, लोण्यात पाय घातल्यासारखं. शेजारी इन्स्ट्रक्टर होता, तमिळ माणूस, आवाजही न चढवता म्हणाला पंप, पंप, पंप, म्हणजे पेडल पुन्हापुन्हा दाब. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा थोडं लागलं, तोवर मी चौथ्या गियरमधून तिसरा टाकला, इंजिन किंचाळलं, आणि त्याने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वळवू दिलं नाही. सरळ मातीत गेलो. धुळीचा ढग बसला तेव्हा गाडी उभी, इंजिन बंद, आणि मागून फक्त पेट्रोल पंपाची टिकटिक. ह्या गाडीला इलेक्ट्रिक पंप आहे, तो किल्ली चालू असली की असा घड्याळासारखा वाजतो. ती टिकटिक मला अजून ऐकू येते.

गाडीला ओरखडा नाही, नशीब. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, ब्रेकचं निप्पल ढिलं करून ऑइल काढलं तर काढ्यासारखं तपकिरी. शेजारच्या पिटमधल्या पोरांनी सीलबंद डबा दिला, तासभर ब्लीडिंग केलं, म्हणजे पाइपातलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढली, एक जण पेडलवर, एक जण गाडीखाली, "दाब", "धर", "सोड". तुमचं तुम्ही हे नाशिकमध्येच करून जा. जाण्याच्या आठवड्यात, नवीन डॉट ४, सीलबंद डबा, आणि एक डबा जास्तीचा बरोबर. रबरी ब्रेक पाइप कधी बदललेत आठवत नसेल तर ते पण. नवे पॅड टाकले तर ते रुळवून घ्या, मी नंतर रविवारी सकाळी मुसळगाव एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीवरून वीसपर्यंत असं दहा वेळा केलं, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर गार करत आणली.

टायरचं सांगतो. नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूवर डॉट लिहिलेलं असतं त्याच्या शेवटचे चार आकडे, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. शेडमधल्या गाडीचे टायर दिसायला कोरे असतात आणि रबराचं लाकूड झालेलं असतं. दहा वर्षांचे असतील तर विचारच करू नका, बदला.

माझ्या गाडीला तारांची चाकं आहेत, सायकलसारखे स्पोक, मधे कान असलेला एक मोठा नट, तो तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचा. त्याचे आटे डाव्या बाजूला वेगळे आणि उजव्या बाजूला वेगळे असतात, चाक फिरेल तसा नट आवळत जावा म्हणून. बाजू बदलल्या तर उलट होतं, तो सुटत जातो. आणि स्पोक प्रत्येक वाजवून बघायचा, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीने, टण्ण आला तर ठीक, थप् आला तर ढिला. माझे चार ढिले निघाले आणि ते कुठल्या कार गॅरेजने नाही, पंचवटीतल्या एका सायकलवाल्याने सरळ करून दिले, चाक हातात फिरवत, एक डोळा मिटून. तुमच्या गाडीला साधी पत्र्याची चाकं असतील तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे ई२० मिळतं, इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि कुरतडतं, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल चालणारे बसवून घ्या, गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय त्याने हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. एसयू कार्ब असेल तर खालचा जेटचा नट किंचित खाली घ्यायचा म्हणजे मिक्श्चर जाड होतं, मग प्लग काढून बघा, बिस्किटाच्या रंगाचा आला की बरोबर, पांढरा आला तर अजून पातळच आहे. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५०, मिनरल, झिंक असलेलं, आजच्या गाड्यांचं पातळ महागडं सिंथेटिक त्या जुन्या टॅपेटना मानवत नाही.

आणि चेन्नईची हवा! काटा वर जायला लागला तर हीटर चालू करा. हो, हीटर. इंजिनाची उष्णता तुमच्या पायावर येते, इंजिन गार राहतं. मी एप्रिलमध्ये हीटर लावून, पूर्ण बाह्यांचा कॉटनचा शर्ट आणि हेल्मेट घालून बसलो होतो, बाहेर आलो तेव्हा शर्ट पिळून निघाला असता. संध्याकाळी मामाचा फोन आला, त्याने टॉप स्पीड विचारला नाही, टेम्परेचर किती गेलं विचारलं.

तिथे गेल्यावर आधी तपासणी होते. गाडीतलं सुटं सगळं बाहेर, मॅट, जॅक, स्टेपनीचा पाना. आमच्या डॅशवर डबल टेपने चिकटवलेला गणपती होता, तपासणाऱ्याने त्याला हात जोडले आणि म्हणाला काढा. मी तो खिशात ठेवला. उघडी गाडी असेल तर आयोजकांना आधीच फोन करून विचारा, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) नसेल तर काही जण उघडी गाडी घेतच नाहीत, चौदाशे किलोमीटरवरून परत यायला नको. झेंड्यांचं ब्रीफिंग नीट ऐका, पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या. आणि निळा. निळा तुम्हाला दिवसभर दिसणार आहे, कारण तो "मागून वेगवान गाडी येतेय, जाऊ दे" असं सांगतो. पहिल्या तासाला जीव जळतो, कॉलेजच्या पोराची पोलो आपल्या एमजीला टाकून जाते म्हणजे काय! दुपारनंतर काही वाटत नाही.

चालवायचं कसं ते तिथला माणूस सांगेलच, इन्स्ट्रक्टर जरूर घ्या, मी फक्त दोन गोष्टी सांगतो. एक, कॉर्नरमध्ये घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलू नका. मागे पाट्यांवर बसलेला सरळ ॲक्सल, जुना शॉकप, वजन एकदम पुढे येतं आणि शेपूट बाहेर जातं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ असताना. दुसरं, दोन लॅप जोरात, एक लॅप गार, पुन्हा दोन जोरात. घड्याळाकडे बघायचं नाही, टेम्परेचर आणि ऑइल प्रेशर ह्या दोन काट्यांकडे बघायचं. ब्लीडिंग झाल्यावर शेवटचं सेशन मी असंच चालवलं, ब्रेकची भीती मनात बसलेली, त्यामुळे ॲक्सिलरेटर आधीच सोडून द्यायचो, हळू आत शिरायचो आणि लवकर गॅस द्यायचो, आणि इन्स्ट्रक्टर म्हणाला की सकाळपेक्षा आता तू जास्त वेगात चाललायस. मला तर उलट वाटत होतं. पहिल्यांदाच स्टिअरिंगमधून पुढचे टायर काय म्हणतायत ते हातात कळत होतं, पातळ रिम, पॉवर स्टिअरिंग नाही, टायर सरकायच्या आधी स्टिअरिंग हलकं होतं, अगदी किंचित. हे मला एवढ्या वर्षांत गंगापूर रोडला कधी कळलं नव्हतं आणि कळलं पण नसतं.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर लायनर चिकटून बसतात. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, आपला नेहमीचा.

गाडी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीये. पुढे डिस्क ब्रेक असतील तर वरचं सगळं लागू आहे. चारही ड्रम असतील तर दोन लॅप जोरात विसरा, एकच लॅप जोरात आणि दोन गार, आणि प्रत्येक सेशननंतर ड्रमजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, नुसता जवळ न्या. चारातलं एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्याचा ब्रेकचा सिलिंडर अडकतोय, तिथेच दिवस संपवा आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवा.