आधी वापर, मग ठरव

पोरी,
अनेक आशीर्वाद.

माळ्यावरची अवजारं भिंतीवर टांगू की भंगारात देऊ, आणि पोटखराब्यातली, म्हणजे पिकाखाली नसलेल्या जमिनीतली, झाडं जेसीबीनं काढून द्राक्षं लावू का, असं तू विचारलंस. यातलं काहीच मला पटलं नाही. आधी वापर. वर्षभर वापर, मग ठरव.

फोटोतलं ते लाकडी भांडं म्हणजे तिफणीचं, बी पेरायच्या अवजाराचं, चाडं. त्यात मुठीनं बी सोडायचं, ते नळ्यांतून तीन फणांमागे तासात, म्हणजे फणानं पाडलेल्या रेघेत, पडायचं. मूठ सम चालली नाही तर पीक कुठे दाट, कुठे विरळ. आमच्याकडे चाड्यावर आई असायची. तिची मूठ पेरणीला शेजारीही मागायचे. दोन फणांतलं अंतर आजच मोजून लिहून ठेव. आमच्या गावचा सुतार गेला आणि अशी सगळी मापं त्याच्याबरोबर गेली, ते अजून मनाला लागतं. तुझ्या हाती माप आयतं आलंय आणि तू त्याला खिळा ठोकायला निघालीस!

लांब लोखंडी पट्टी ही वखराची, म्हणजे जमीन खरवडून तण काढायच्या अवजाराची, पास. गंज विटकरीनं घासून काढ, तेलाचं बोट फिरव. लोहाराकडून धार काढून, तापवून पाणी देऊन आण. विळ्याची मूठ हलतेय, ती बाभळीची नवी बसव. रंग मात्र लावू नकोस. हे सगळं हातात घेतल्याशिवाय कळणार नाही, म्हणून पुन्हा सांगतो: वापर.

झाडांचंही तेच. रायवळ आंबा कोयीवर आलेला, म्हणून प्रत्येकाची चव निराळी. एक लोणच्याला, एक रसाला, एखादा नुसता चोखायला. चाखल्याशिवाय कोणता कशाचा हे कसं ठरवणार? करवंदाच्या जाळीला तू काटेरी झुडूप म्हणालीस; गुरं अडवायला त्याहून चांगलं कुंपण मला माहीत नाही. टेंभुर्णीची पानं बिडीची, फळं उन्हाळ्यात पिकतात, गोड असतात. गावठी बोर उन्हाळ्यात छाटून, पावसाळ्यात नव्या फुटीवर चांगल्या जातीचा डोळा भरता, म्हणजे कलम करता, येतो. मुळं आधीच खोल गेलेली असतात. आणि आंबा, जांभूळ, मोह स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. जेसीबीवाला हे सांगणार नाही.

बांधावरची जांभळं मी ठेवली, म्हणून घरच्यांनी मला खूप ऐकवलं. सावलीत द्राक्ष नीट येत नाही, हे द्राक्षांच्या दिंडोरीत कोण नाकारील? पण माझा तो बांध मुरमाड. तिथे वेल लावायची तर माती विकत आणून पसरावी लागली असती. जून उजाडला की त्याच झाडांखाली सगळी भावंडं जिभा जांभळ्या करून उभी असतात. मी बरोबर होतो आणि आजही तसंच करीन.

तुझा गोंधळ मला कळतो. जमीन एकदम पदरात पडली, सल्ले देणारे पुष्कळ, आजोबा नाहीत. म्हणूनच घाई नको म्हणतो. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना घेऊन एकदा सगळी हद्द फिर. कोणत्या झाडाखाली कोण बसायचं इथपासून त्यांना माहीत असेल.

करवंदं आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पिकायला लागतील. तोवर जेसीबीवाल्याला नाही सांग. त्यानं भाव उतरवला तरी नाहीच.

तुझा काका